मासेमारी बंदीचे ६१ दिवस : एक वेळापत्रक, अनेक समुद्र

२०२५ मध्ये नैऋत्य मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळमध्ये आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईसाठी ही आजवरच्या नोंदींतील सर्वांत लवकरची तारीख ठरली. एरवी पाऊस तेथे ११ जूनच्या सुमारास पोहोचतो. पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी मात्र सरकारी आदेशानुसार १ जूनपासून बंद होणार होती. म्हणजे निसर्गाने समुद्राचे दार लावून घेतले तेव्हा कागदोपत्री हंगाम अजून सुरूच होता. हे अंतर मोजक्या दिवसांचे असले, तरी त्यातून जुना प्रश्न नव्याने पुढे आला आहे. समुद्रात केव्हा जावे आणि केव्हा जाऊ नये, हे दिनदर्शिकेतील एका ठराविक तारखेवरून ठरवता येते काय?

उष्ण कटिबंधातील समुद्रात हा प्रश्न विशेष अवघड ठरतो. थंड प्रदेशात हिवाळा आणि उन्हाळा मासेमारीचा हंगाम आखून देतात. भारतासारख्या देशात तो वारा, पाऊस, प्रवाह आणि भरती-ओहोटी यांवर ठरतो, आणि या चारही गोष्टी प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या आहेत. खोल समुद्रात जाणारी यांत्रिक नौका, खाडीच्या तोंडाशी जाळे लावणारा कोळी आणि छंद म्हणून गळ टाकणारा पर्यटक या तिघांचे हंगामही एक नाहीत. तरीही तिघांवर थेट किंवा अप्रत्यक्ष परिणाम होतो तो एकाच वेळापत्रकाचा.

दोन किनारे, दोन तारखा

राज्यघटनेनुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते. त्यापुढील विशेष आर्थिक क्षेत्रातील, म्हणजे २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीची जबाबदारी केंद्राची आहे. केंद्र सरकार दरवर्षी आपल्या क्षेत्रासाठी बंदीचा आदेश काढते आणि किनारपट्टीवरील राज्ये आपापल्या सागरी मासेमारी नियमन कायद्यांखाली बंदी लागू करतात.

२०१५ पूर्वी ही बंदी ४७ दिवसांची होती. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते ३१ मे आणि पश्चिम किनाऱ्यावर १५ जून ते ३१ जुलै अशा तिच्या तारखा होत्या. २०१५ मध्ये ती ६१ दिवसांची करण्यात आली. तेव्हापासून पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्यास मनाई असते. अंदमान-निकोबार बेटांची गणना पूर्व किनाऱ्यात आणि लक्षद्वीपची पश्चिम किनाऱ्यात केली जाते. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना बंदीतून सूट आहे.

केरळने मात्र स्वतःच्या हद्दीत वेगळी वाट धरली. तेथे १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलरवर बंदी आहे आणि अलीकडच्या वर्षांत तिचा कालावधी ५२ दिवसांचा आहे. बाह्य यंत्र बसवलेल्या पारंपरिक नौकांना तेथे पावसाळ्यातही मासेमारी करता येते. त्यासाठी २००७ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला. आलप्पुळाच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तयार होणाऱ्या चिखलाच्या पट्ट्यांमुळे, म्हणजे ‘चाकरे’मुळे, आजूबाजूला समुद्र खवळलेला असतानाही तेवढ्या भागात पाणी शांत राहते आणि मासळीचे थवे तेथे गोळा होतात. कोकणातील मच्छीमार ज्या महिन्यांत होड्या ओढून शाकारतो, तेच महिने तेथील लहान मच्छीमाराच्या कमाईचे असतात. एकाच पश्चिम किनाऱ्यावर हंगामाचे गणित किती बदलते, याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

पावसाळ्यातच बंदी का?

या बंदीमागे तीन उद्देश एकत्र आले आहेत. पहिला सुरक्षिततेचा. जून आणि जुलैमध्ये अरबी समुद्रातील वारे आणि लाटा लहान नौकांना पेलवत नाहीत. दुसरा उद्देश प्रजननाचा. नैऋत्य वाऱ्यांमुळे केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यालगत खोल समुद्रातील थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्यातून सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि पिल्लांना मुबलक खाद्य मिळते. तारलीसारखे मासे याच काळात अंडी घालतात. तिसरा उद्देश न्याय्य वाटपाचा. मोठ्या यांत्रिक नौका दोन महिने बंदरात उभ्या राहिल्या, की किनाऱ्यालगतच्या लहान मच्छीमाराला थोडी उसंत मिळते.

अडचण अशी की हे तीन उद्देश एकाच तारखेला पूर्ण होत नाहीत. वादळी वाऱ्यांचा काळ दरवर्षी मागेपुढे होतो. सर्व मासे एकाच महिन्यात अंडी घालत नाहीत. उष्ण समुद्रातील अनेक जाती वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा किंवा दीर्घ काळ टप्प्याटप्प्याने प्रजनन करतात. काही मासळी पावसाळ्यातच किनाऱ्याजवळ येते. केरळच्या किनाऱ्यावरील ‘करिक्काडी’ कोळंबी पावसाळ्यातच मोठ्या प्रमाणावर मिळते, आणि ती पकडू द्यावी की नाही यावर तेथे दीर्घ काळ वाद झाला आहे.

किनाऱ्यालगत आणि खाड्यांमध्ये हा विरोधाभास अधिक स्पष्ट होतो. जिताडा, ज्याला गोव्यात चणक म्हणतात, हा हौशी गळवाल्यांचा आवडता मासा. गोडे आणि खारे पाणी जेथे मिसळते तेथे तो राहतो आणि पावसाळ्याच्या सुमारास नदीमुखाशी अंडी घालतो. हा मासा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि पुढे मादी होतो. म्हणजे गळाला लागलेला सर्वांत मोठा, छायाचित्रात सर्वांत शोभून दिसणारा जिताडा बहुधा मादी असतो, आणि पुढच्या पिढीसाठी सर्वांत मोलाचाही तोच असतो. यांत्रिक नौकांवरील बंदीचा या माशाला फारसा उपयोग होत नाही, कारण तो खोल समुद्रात क्वचितच सापडतो. खाडीकाठावरून गरी टाकणाऱ्याला किंवा वल्ह्याच्या होडीला बंदी लागू नसते.

हीच गोष्ट गोड्या पाण्यातील ‘चढणीच्या’ माशांबाबत घडते. पहिल्या मोठ्या पावसात ओढे आणि शेते भरून वाहू लागली, की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत ‘वलगणीचे मासे’ म्हणून त्यांची वाट पाहिली जाते. मासे वर चढतात ते अंडी घालण्यासाठी, आणि नेमके तेव्हाच ते सर्वाधिक पकडले जातात. समुद्रातील बंदीचा जो हेतू आहे, त्याच्या नेमके उलट काही किलोमीटर आत, त्याच आठवड्यात घडत असते. ही प्रथा जुनी आहे आणि तिच्याशी अनेकांच्या आठवणी निगडित आहेत. परंतु प्रजननकाळातील संरक्षण हा खरोखरच धोरणाचा पाया असेल, तर ते १२ सागरी मैलांच्या पलीकडे सुरू होऊन किनाऱ्यावर संपणे तर्काला धरून नाही.

अंदमान : हौशी मासेमारीचा हंगाम

छंद म्हणून केलेल्या मासेमारीचा विचार भारतात दीर्घ काळ हिमालयातील आणि कावेरीतील महसीर माशापुरता मर्यादित होता. खाऱ्या पाण्यातील हौशी मासेमारी गेल्या दोन दशकांत प्रामुख्याने अंदमान बेटांभोवती वाढली. सप्टेंबर २०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्री विजयपुरम येथून आणि हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीप, येथून पर्यटकांना घेऊन नौका निघतात. प्रवाळखडकांच्या कडेला जायंट ट्रेव्हली, खोल पाण्यात डॉगटूथ ट्यूना, तर मोकळ्या समुद्रात पिवळ्या पराचा ट्यूना आणि पाठीवर शिडासारखा पर असलेला सेलफिश ही या मासेमारीची प्रमुख आकर्षणे. पकडलेला मासा मोजून, छायाचित्र घेऊन पुन्हा पाण्यात सोडण्याची पद्धत येथे बऱ्याच प्रमाणात रुळली आहे.

या व्यवसायाचे वेळापत्रक हवामानानेच ठरवले आहे. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरल्यानंतर, साधारणपणे डिसेंबर ते एप्रिल या काळात समुद्र शांत असतो आणि दूरच्या बेटांपर्यंत जाता येते. मे महिन्याच्या उत्तरार्धात नैऋत्य मोसमी वारे बेटांवर पोहोचतात. २०२५ मध्ये तर ते १३ मे रोजीच निकोबार आणि दक्षिण अंदमान समुद्रात दाखल झाले. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत उघड्या समुद्रात जाणे जोखमीचे असते.

आता याच्या शेजारी बंदीच्या तारखा ठेवून पाहाव्यात. अंदमान पूर्व किनाऱ्यात मोडत असल्याने केंद्राच्या क्षेत्रातील बंदी तेथे १५ एप्रिलला सुरू होते आणि १४ जूनला संपते. बंदीचा पहिला महिना बेटांभोवती बहुतांशी शांत हवामानाचा असतो आणि ती उठते तेव्हा पावसाळा ऐन भरात असतो. चेन्नई किंवा विशाखापट्टणमच्या किनाऱ्याला ही मुदत गैरसोयीची नाही, कारण तेथे जूनच्या मध्यानंतर समुद्रात जाता येते आणि ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरनंतर येतो. बेटांसाठी मात्र सुरक्षिततेचा उद्देश या तारखांनी अर्धाच साधतो. प्रवाळाभोवतीचे मासे नेमके केव्हा अंडी घालतात, यावर बेटांचे स्वतःचे वेळापत्रक आधारलेले असावे, अशी अपेक्षा ठेवणे वावगे ठरणार नाही. आज ते मुख्य भूमीच्या किनाऱ्याला जोडलेले आहे.

हौशी मासेमारीला बंदीच्या चर्चेत सहसा जागा मिळत नाही, कारण तिच्यातून बाजारात फारशी मासळी येत नाही. परंतु ‘पकडा आणि सोडा’ ही पद्धतही पूर्णपणे निरुपद्रवी नाही. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यामुळे दीर्घ झुंजीने थकलेला मासा सोडल्यानंतर वाचेलच असे नाही. खोलातून झपाट्याने वर आणलेल्या माशाच्या शरीरातील वायू प्रसरण पावतो आणि त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. उलटा काटा नसलेला एकेरी गळ वापरणे, मासा पाण्याबाहेर अल्प काळच ठेवणे आणि अंडी घालण्यासाठी मासे एकत्र जमतात तेथे त्या दिवसांत न जाणे, या साध्या नियमांनी हानी बरीच कमी होते. यांपैकी शेवटचा नियम पाळायचा तर ते दिवस आणि त्या जागा आधी ठाऊक असाव्या लागतात. हंगामाचा प्रश्न अशा रीतीने पुन्हा माहितीच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

लक्षद्वीपचा धडा

अरबी समुद्रातील लक्षद्वीपमध्ये गळाची मासेमारी हा छंद नसून उपजीविका आहे. मिनिकॉय, अगत्ती आणि इतर बेटांवरील मच्छीमार लहान जिवंत मासे आमिष म्हणून समुद्रात टाकतात आणि काठीला बांधलेल्या गळाने ट्यूना एकेक करून वर ओढतात. या पद्धतीत नको असलेली मासळी जवळजवळ सापडत नाही, म्हणून ती जगभर टिकाऊ मासेमारीचा नमुना मानली जाते. पावसाळा संपल्यानंतर सुरू होणारा हा हंगाम पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालतो. नैऋत्य वाऱ्यांच्या काळात समुद्रच तो बंद करतो.

येथील मर्यादा वेगळ्याच ठिकाणी आहे. ट्यूना पकडण्यासाठी लागणारे आमिषाचे मासे बेटांभोवतीच्या उथळ सरोवरांत वाढतात. ते कमी झाले तर बाहेर ट्यूना कितीही असला तरी नौका किनाऱ्यावरच उभी राहते. म्हणजे खोल समुद्रातील हंगामाची किल्ली किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आहे. या दोन्हींचे नियोजन वेगवेगळे करून भागत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने विशेष आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नवे नियम अधिसूचित केले. त्यांत मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना खोल समुद्रात प्राधान्य देण्याची आणि यांत्रिक तसेच मोठ्या नौकांना प्रवेश परवाना घेण्याची तरतूद आहे. प्रखर दिव्यांच्या आणि दोन नौकांमध्ये जाळे ओढण्याच्या मासेमारीवरील मनाईही या नियमांत आहे. देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रापैकी ४९ टक्के क्षेत्र अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप यांच्याभोवती असल्याने या बेटांवर नियमांचा विशेष भर आहे. बेटांभोवती नौका वाढणार असतील, तर त्यांच्यासाठी स्वतंत्र हंगाम ठरवण्याची वेळ आताच आहे. नौका आल्यानंतर तारखा बदलणे कठीण जाते, हा मुख्य भूमीचा अनुभव आहे.

शेजारी देश आणि चंद्राचे वेळापत्रक

स्वतंत्र वेळापत्रकाच्या बाजूने इतके सांगितल्यावर समान वेळापत्रकाची बाजूही पाहणे आवश्यक आहे. मासे सीमा मानत नाहीत आणि नौकाही अनेकदा मानत नाहीत. बांगलादेशात समुद्रातील बंदी पूर्वी २० मे ते २३ जुलै अशी ६५ दिवसांची होती. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदी १४ जूनला संपत असल्याने त्यानंतरचे पाच आठवडे बांगलादेशी नौका बंदरात आणि भारतीय नौका समुद्रात, अशी स्थिती निर्माण होई. आपण राखलेली मासळी दुसरे घेऊन जातात, अशी तेथील मच्छीमारांची तक्रार होती. अखेर २०२५ पासून बांगलादेशाने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी ५८ दिवसांची केली आणि ती भारताच्या तारखांशी जवळजवळ जुळवून घेतली.

महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि गुजरात यांच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. एका राज्याने बंदी आधी उठवली, तर शेजारच्या राज्यातील नौका आपल्या हद्दीत येतील ही भीती प्रत्येकाला असते. तारखा एक असल्या की किनाऱ्यावर उभी नसलेली नौका ओळखणे तटरक्षक दलाला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला सोपे जाते. सरसकट बंदीचे सर्वांत मोठे बळ हेच आहे. तिची अंमलबजावणी करता येते.

त्याच बांगलादेशाने हिलसा माशासाठी मात्र वेगळी पद्धत अवलंबली आहे. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास हिलसा अंडी घालण्यासाठी नदीमुखाकडे येतो. म्हणून तेथे दरवर्षी २२ दिवसांची विशेष बंदी असते आणि तिच्या तारखा चंद्राबरोबर सरकतात. २०२४ मध्ये ती १३ ऑक्टोबरला सुरू झाली, तर २०२५ मध्ये ४ ऑक्टोबरला. पश्चिम बंगालमध्येही हिलशासाठी १५ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर असा स्वतंत्र निर्बंध आहे. सर्वांसाठी एक मोठी बंदी आणि त्यावर महत्त्वाच्या माशासाठी एक लहान, नेमकी बंदी, असे दुहेरी वेळापत्रक व्यवहारात चालू शकते, हे यावरून दिसते.

चंद्राकडे पाहून हंगाम ठरवणे मराठी किनाऱ्यालाही नवे नाही. श्रावण पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच होड्या पाण्यात लोटण्याची कोळी समाजाची रीत आहे. ही नारळी पौर्णिमा २०२३ मध्ये अधिक मासामुळे ३० ऑगस्टला आली, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये ८ ऑगस्टला. सरकारी बंदी मात्र तिन्ही वर्षी ३१ जुलैलाच उठली. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवावी, ही मच्छीमार संघटनांची मागणी या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्र बऱ्याचदा खवळलेलाच असतो. अशा वेळी मोठ्या यंत्राची नौका बाहेर पडू शकते, लहान नौकेला मात्र जीव धोक्यात घालावा लागतो किंवा पहिल्या मासळीवर पाणी सोडावे लागते.

समुद्राची बदलती लय

या चर्चेत आता हवामानबदलाची भर पडली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अलीकडच्या दोन दशकांत अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या काळाच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. ही वादळे येतात ती मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, म्हणजे बंदीच्या थोडे आधी, तिच्या तोंडावर किंवा ऐन हंगामात.

गेल्या काही वर्षांतील घटना हेच दर्शवतात. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस आलेल्या ‘ओखी’ वादळाने कन्याकुमारी आणि तिरुअनंतपुरम जिल्ह्यांतील, अनेक दिवसांच्या सफरीवर खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांना गाठले आणि मोठी जीवितहानी झाली. २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळे लागोपाठ आल्याने कोकणातील नौकांचा ऐन सुरमईचा हंगाम वाया गेला. ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये, बंदी सुरू होण्याच्या दोन आठवडे आधी, पश्चिम किनाऱ्यावरून गेले. ६१ दिवसांच्या बंदीने यांपैकी एकाही वादळापासून संरक्षण दिले नाही, कारण ती त्या उद्देशाने आखलेलीच नाही. त्या दिवसांत मच्छीमाराचा जीव वाचतो तो वेळेवर पोहोचलेल्या इशाऱ्यामुळे.

मासळीच्या बाबतीतही जुने अंदाज कोलमडू लागले आहेत. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार केरळमध्ये २०१२ मध्ये जवळपास ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये हा आकडा ३,२९७ टनांपर्यंत घसरला. पुढे ही मासळी पुन्हा वाढली. बंदी या सर्व वर्षांत नियमाने पाळली जात होती. घसरणीमागे समुद्राच्या तापमानातील आणि पर्जन्यमानातील बदल तसेच पिल्लांची अतिरिक्त मासेमारी, ही कारणे शास्त्रज्ञांनी मांडली आहेत. बंदीचे दिवस पाळूनही, त्यानंतरच्या दहा महिन्यांत लहान मासळी उपसली गेली, तर दोन महिन्यांची बचत हातात उरत नाही, हा याचा अर्थ.

बंदीची किंमत

कोणतेही वेळापत्रक बदलताना त्याची किंमत कोण मोजतो, हे विसरून चालणार नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली बंदीच्या काळात मागास आणि सक्रिय पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना तीन महिन्यांसाठी एकूण ४,५०० रुपये मिळतात. त्यांतील १,५०० रुपये मच्छीमाराने स्वतःच आधी जमा केलेले असतात. म्हणजे महिन्याला १,५०० रुपयांत घर चालवावे, असा हा हिशेब आहे. तमिळनाडू सरकारने आपल्या राज्यात कुटुंबामागे ८,००० रुपयांच्या साहाय्याची घोषणा २०२३ मध्ये केली होती. नौकेवरील खलाशी, बर्फाच्या कारखान्यातील मजूर, मासळी सुकवणाऱ्या आणि डोक्यावर टोपली घेऊन दारोदार विकणाऱ्या स्त्रिया यांपैकी अनेकांपर्यंत कोणतीही मदत पोहोचत नाही. बंदीचे दिवस वाढवण्याची मागणी शास्त्रीयदृष्ट्या कितीही योग्य असली, तरी वाढलेल्या प्रत्येक दिवसाचा भार या घरांवर पडतो.

हौशी मासेमारीचे अर्थकारण येथे उपयोगी पडू शकते. मोठ्या माशाला गळाला लावण्यासाठी पर्यटक दिवसाचे भाडे मोजतो आणि मासा पुन्हा समुद्रात जातो. तोच मासा पुढेही पर्यटक आणू शकतो. समुद्राची नाडी ओळखणारा स्थानिक नाखवा अशा सफरींचा वाटाड्या झाला, तर कमी मासे मारून अधिक उत्पन्न मिळवण्याचा तो एक मार्ग ठरेल. मात्र त्यासाठी नौकेच्या सुरक्षिततेचे, सोडावयाच्या माशांचे आणि बंद ठेवावयाच्या जागांचे नियम स्पष्ट हवेत. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असलेला महाकाय हेकरू किंवा देवमासा गळाला अथवा जाळ्याला लागला, तर तो ताबडतोब सोडणे बंधनकारक आहे, ही माहिती प्रत्येक पर्यटकाला नौकेवर चढतानाच मिळाली पाहिजे.

पुढील वाट

चांगल्या वेळापत्रकाचे अनेक भाग आजच अस्तित्वात आहेत. महाराष्ट्राने २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांना १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच हंगाम ठरवून दिला. २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित करण्यात आले आणि ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार निश्चित झाला. केरळने हे पाऊल त्याआधीच उचलले होते. तेथे १० सेंटीमीटरपेक्षा लहान तारली आणि १४ सेंटीमीटरपेक्षा लहान बांगडा पकडण्यास मनाई आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या साहाय्याने समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य मोजून मासळी कोठे मिळण्याची शक्यता आहे, याची सूचना मच्छीमारांना देते. जी यंत्रणा ‘येथे जा’ असे सांगू शकते, ती ‘या आठवड्यात येथे जाऊ नका’ असेही सांगू शकेल.

त्यामुळे ६१ दिवसांची बंदी मोडीत काढण्याचे कारण नाही. ती पायाभूत मर्यादा म्हणून सर्वांना समान राहावी. तिच्यावर तीन थर चढवावे लागतील. पहिला प्रदेशाचा : अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपसाठी तेथील वाऱ्यांनुसार आणि प्रवाळातील प्रजननानुसार स्वतंत्र तारखा. दुसरा जातीचा : जिताडा, पापलेट, हिलसा यांसारख्या माशांसाठी नदीमुखे आणि खाड्या ठराविक दिवस बंद ठेवणे, आणि तेथे जाळे असो वा हौशी गळ, नियम सर्वांना सारखाच लावणे. तिसरा हवामानाचा : बंदी उठण्याची तारीख जवळ आली की वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज पाहून ती काही दिवस पुढे नेण्याची मुभा, आणि वाढलेल्या दिवसांची भरपाई.

हे थर ठरवताना मच्छीमारांच्या ज्ञानाचा उपयोग करून घेणे श्रेयस्कर ठरेल. डोल जाळे लावणारा कोळी उधाणाला बोंबलाची वाट पाहतो आणि भांगाला जाळी विणत बसतो. खाडीवर गरवणारा भरतीची वेळ पाहूनच घराबाहेर पडतो. मासा कोठे, केव्हा आणि किती येतो, आणि अलीकडे तो का येईनासा झाला, याच्या नोंदी त्यांच्या स्मरणात आहेत. त्या कागदावर उतरल्या आणि शास्त्रीय मोजमापाशी पडताळून पाहता आल्या, तर तारखांवरील वाद बऱ्याच अंशी पुराव्यावर सुटतील. मोसमी पाऊस आपली वेळ बदलत आहे, हे २०२५ च्या मे महिन्याने दाखवून दिले. बंदरात उभ्या असलेल्या नौकेचे दोन महिने सार्थकी लागायचे असतील, तर सरकारी वेळापत्रकालाही आता थोडे सरकावे लागेल.